मुसा पर्वताची सहा गावे

तुर्कस्तानच्या दक्षिण टोकाला, सीरियाच्या सीमेवर हताय नावाचा प्रांत आहे. तिथे भूमध्य समुद्रावर जवळजवळ उभा उतरणारा एक डोंगर आहे. तुर्की लोक त्याला मुसा दाग म्हणतात, अरब जबल मुसा म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशी हिदिरबे नावाचे खेडे आहे. गावाच्या मधोमध चिनाराचा एक प्रचंड, आतून पोकळ झालेला जुना वृक्ष आहे. हजरत मुसांनी आपली काठी इथे जमिनीत रोवली आणि तिलाच पालवी फुटली, अशी त्या भागातली लोककथा आहे. सुरह कहफमध्ये हजरत मुसा आणि अल्लाहच्या एका ज्ञानी बंद्याच्या भेटीचा प्रसंग येतो. परंपरा त्या बंद्याला हजरत खिज्र म्हणते आणि ती भेट इथल्याच समंदागच्या किनाऱ्यावर झाली असे स्थानिक लोक मानतात. तिथे खिज्रच्या नावाचे जियारतीचे ठिकाणही आहे. हिदिरबे या गावाच्या नावातला ‘हिदिर’ म्हणजे हाच खिज्र.

खिज्रचे नाव धारण करणाऱ्या या गावात 1915 साली एकही मुसलमान वस्ती करून नव्हता म्हटले तरी चालेल. गाव आर्मेनियन ख्रिस्ती शेतकऱ्यांचे होते. डोंगराच्या कुशीत अशी सहा गावे होती. खेदेर बेग म्हणजे आजचे हिदिरबे, योगुनओलुक, बितियास, हाजी हबिबली, कबुसिये आणि वक्फ. शेवटच्या नावावर आपला वाचक अडखळेल. हा शब्द आपला नेहमीचा ‘वक्फ’च आहे. तुर्की वळणाने त्या गावाला आज वक्फली म्हणतात. ख्रिस्ती गावांची नावे हाजी, खिज्र आणि वक्फ यांच्यावरून पडलेली असावीत आणि त्यात कोणाला काही वावगे वाटू नये, असा तो मुलूख होता. लोक रेशमाचे किडे पाळत, लाकडाच्या फण्या कोरत, फळबागा राखत.

या सहा गावांची गोष्ट मराठीत फारशी कोणी सांगितलेली नाही. आपल्याकडे तुर्कस्तान म्हटले की उस्मानी खलिफा, खिलाफत चळवळ, आणि हल्ली टीव्हीवरच्या एर्तुग्रुलच्या मालिका आठवतात. त्याच साम्राज्याच्या शेवटच्या वर्षांत तिथल्या ख्रिस्ती प्रजेचे काय झाले आणि त्यातून जे वाचले त्यांनी पुढे संसार कसे उभे केले, हे मात्र आपल्या चर्चेत येत नाही. ते यायला हवे, म्हणून हा लेख.

डोंगरावरचे दिवस

पहिल्या महायुद्धात उस्मानी सत्ता जर्मनीच्या बाजूने उतरली. सत्तेची सूत्रे सुलतानाच्या हाती उरली नव्हती. ‘इत्तिहाद व तरक्की’ म्हणजे एकता आणि प्रगती समितीचे तलत, अन्वर आणि जमाल हे तीन पाशा राज्य चालवत होते. 24 एप्रिल 1915 रोजी इस्तंबूलमधील आर्मेनियन लेखक, संपादक, वकील, धर्मगुरू यांना रात्रीतून उचलण्यात आले. त्यातले बहुतेक परत आले नाहीत. मे महिन्यात हद्दपारीचा तात्पुरता कायदा निघाला. कायद्याच्या भाषेत तो युद्धक्षेत्रातील लोकसंख्या हलवण्याचा उपाय होता. प्रत्यक्षात अनातोलियातील गावागावांतून पुरुष वेगळे काढून मारले गेले आणि बायका, मुले, म्हातारे यांचे तांडे पायी सीरियाच्या वाळवंटाकडे हाकलले गेले. हलब म्हणजे आपण ज्याला अलेप्पो म्हणतो ते शहर, रास अल-ऐन आणि शेवटी फुरात नदीकाठचे देर अझ-झोर ही त्या वाटेवरची ठाणी होती. मृतांच्या आकड्यांवर वाद आहे. सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंतचे अंदाज दिले जातात आणि बहुतेक अभ्यासक तो आकडा दहा लाखांच्या आसपास किंवा त्याहून वर धरतात. असीरियन आणि सुरियानी ख्रिस्तीही त्याच वर्षांत त्याच भागात कापले गेले. तुर्कस्तानचे सरकार आजही याला वंशसंहार म्हणायला तयार नाही.

मुसा दागच्या गावांना हद्दपारीचा हुकूम जुलैच्या अखेरीस मिळाला. तोवर उत्तरेकडच्या झैतून शहरातील आर्मेनियनांचे काय झाले, याची बातमी तिथून आलेल्या एका तरुण प्रोटेस्टंट पाद्र्याने आणली होती. त्यांचे नाव दिक्रान आंद्रेयासियन. गावकऱ्यांत मतभेद झाले. हे लक्षात घेण्यासारखे आहे, कारण अशा गोष्टी सांगताना सगळे गाव एका आवाजात बोलले असे सांगायची सवय असते. बितियासच्या पाद्र्यांचे म्हणणे पडले की सरकारशी लढून काही निष्पन्न होणार नाही, हुकूम पाळावा. त्यांच्याबरोबर काही कुटुंबे निघाली आणि हमाकडे पाठवली गेली. बाकीच्यांनी गुरेढोरे, धान्य, होती नव्हती ती हत्यारे घेतली आणि डोंगर चढला.

हत्यारे म्हणजे शंभर-सव्वाशे बऱ्या बंदुका आणि बाकी जुन्या ठासणीच्या. उस्मानी सैन्यात अधिकारी राहिलेला मोव्सेस देर कालुस्दियान नावाचा तरुण त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक होता. सैन्याने वरचेवर हल्ले केले, डोंगर घेता आला नाही, तेव्हा वेढा घातला. वर धान्य संपत चालले. समुद्राची बाजू तेवढी मोकळी होती. बायकांनी दोन मोठी निशाणे शिवली. एकावर लाल क्रूस होता, दुसऱ्यावर ख्रिस्ती लोक संकटात आहेत, वाचवा, अशा अर्थाचे इंग्रजी शब्द होते. सप्टेंबरात गस्तीवरच्या एका फ्रेंच युद्धनौकेला ती दिसली. पाठोपाठ आणखी जहाजे आली आणि चार हजारांहून अधिक माणसे किनाऱ्यावरून उचलून इजिप्तच्या पोर्ट सैदला नेण्यात आली. लढाईत त्यांची अठरा माणसे मारली गेली होती.

डोंगरावर ते नेमके किती दिवस होते? आंद्रेयासियन यांनी त्रेपन्न लिहिले आहेत. ऑस्ट्रियन ज्यू कादंबरीकार फ्रान्झ वेर्फेल यांनी 1933 साली या घटनेवर कादंबरी लिहिली तेव्हा ते चाळीस केले. हजरत मुसा तूर पर्वतावर चाळीस रात्री होते, हे बायबलही सांगते आणि कुराणही. वेर्फेलला ही गोष्ट दमास्कसमध्ये सुचली. तिथल्या एका गालिच्याच्या कारखान्यात त्याने उपाशी, अंगाने मोडलेली आर्मेनियन अनाथ मुले काम करताना पाहिली होती. नाझींनी त्याचे पुस्तक बंद केले. पुढे पोलंडमधील ज्यू वस्त्या कोंडल्या गेल्या तेव्हा तिथले तरुण ते पुस्तक एकमेकांना देत वाचत होते.

पोर्ट सैदला कालव्याच्या आशियाई काठावर तंबूंची वसाहत उभी राहिली. चार वर्षे ही माणसे वाळूत राहिली. पण तिथे पहिल्या काही महिन्यांतच शाळा सुरू झाली आणि कारखाना सुरू झाला. कारखाना कसला, तर फण्या, लाकडी चमचे आणि भरतकाम. गावी जे हात करत होते तेच. कैरोत 1906 साली स्थापन झालेल्या आर्मेनियन जनरल बेनेव्होलंट युनियनने शाळेचा भार उचलला. तिचे अध्यक्ष बोघोस नुबार हे नुबार पाशांचे चिरंजीव, आणि नुबार पाशा म्हणजे इजिप्तचे पहिले पंतप्रधान. एका मुस्लिम देशाचा पहिला पंतप्रधान आर्मेनियन ख्रिस्ती होता, ही गोष्ट या सगळ्या काळोखात विसरली जाते.

मुसा दागच्या शेकडो तरुणांनी पोर्ट सैदहून फ्रेंचांच्या पूर्वेकडील पलटणीत नाव घातले, सायप्रसमध्ये शिक्षण घेतले आणि 1918 साली पॅलेस्टाइनच्या आघाडीवर उस्मानी फौजेशी लढले. तुर्की राष्ट्रवादी लेखक आजही या गोष्टीकडे बोट दाखवतात. बघा, हे गद्दारच होते. क्रम मात्र ते उलटा लावतात. पलटण 1916 च्या अखेरीस उभी राहिली, गावे 1915 मध्ये रिकामी करायला लावली गेली. आधी घर जाळायचे आणि मग निष्ठेचा दाखला मागायचा, हा न्याय आपल्या ओळखीचा आहे.

आपले आणि परके

या इतिहासात मारणारे मुसलमान होते. वाचवणारेही बरेचसे मुसलमान होते. हे दुसरे वाक्य अनेकदा पहिले झाकण्यासाठी वापरले जाते, म्हणून ते जपून मांडायला हवे.

मेहमद जलाल बे हे हलबचे गव्हर्नर होते. सरकार आपल्याच प्रजेचा नाश करू पाहते आहे यावर आधी आपला विश्वास बसला नव्हता, असे त्यांनी 1918 साली इस्तंबूलच्या वर्तमानपत्रात छापलेल्या आठवणींत लिहिले आहे. विश्वास बसला तेव्हा त्यांनी हुकूम अडवले. त्यांची बदली कोन्याला झाली. तिथेही त्यांनी तेच केले, तेव्हा पदावरून काढण्यात आले. ते गेले आणि कोन्यात थांबवून धरलेले तांडे पुढे हाकलले गेले. लिजे तालुक्याचे अधिकारी हुसेन नसीमी यांनी हुकूम मानला नाही, त्यांना दियारबकिरला बोलावून वाटेतच मारण्यात आले. देर अझ-झोरचे अली सुआद बे यांनी अनाथांसाठी घर उघडले. 1916 च्या उन्हाळ्यात त्यांच्या जागी सालिह झेकी आला आणि नदीकाठी उरलेल्यांची कत्तल झाली. मक्केचे शरीफ हुसेन यांनी 1917 साली पत्र पाठवून आपल्या मुलाला आणि शम्मर टोळीच्या सरदाराला बजावले की आर्मेनियन हे मुसलमानांच्या संरक्षणाखालचे लोक आहेत, स्वतःच्या जीविताचे आणि लेकरांचे रक्षण कराल तसे त्यांचे करा. युद्ध हरल्यावर इस्तंबूलमध्ये उस्मानी लष्करी न्यायालयांनीच या गुन्ह्यांचे खटले चालवले. बोगाझलियानच्या कमाल बेला 1919 साली फाशी झाली. त्याच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्यांत त्याच गावचे मुफ्ती होते. तलत, अन्वर आणि जमाल यांना गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला गेला.

वाळवंटातल्या बदाऊनी कबिल्यांनी हजारो आर्मेनियन बायका-मुले आपल्या तंबूंत घेतली. हा आसरा होता की कैद? दोन्ही होते. काही घरांत मुलीला लेक म्हणून वाढवले, काही घरांत विकत घेतले. कबिल्याच्या रिवाजाप्रमाणे त्यांच्या चेहऱ्यावर आणि हातांवर निळे गोंदण आले. कारेन येप्पे नावाच्या डॅनिश बाईंनी राष्ट्रसंघाच्या वतीने 1921 पासून हलबमध्ये अशा मुलींसाठी घर चालवले. आलेल्या प्रत्येकीची हकीकत तिथे लिहून घेत आणि छायाचित्र काढत. त्या नोंदवह्या जिनिव्हात आहेत. अनेक जणी परत आल्याच नाहीत, कारण पोटची मुले तंबूत होती. याच येप्पेबाईंनी उत्तर सीरियात निर्वासितांना शेती करता यावी म्हणून एका बदाऊनी शेखकडून जमीन घेतली, आणि तो शेख त्या वस्त्यांचा पाठीराखा राहिला.

आता आपल्याकडे वळू. 1919 साली मुंबईत खिलाफत कमिटी स्थापन झाली. भायखळ्याचे खिलाफत हाऊस आजही उभे आहे, ईद-ए-मिलादची मिरवणूक तिथूनच निघते. त्या चळवळीने हिंदू-मुस्लिम एकीचा जो काळ दाखवला तो मोलाचा आहे. पण आर्मेनियनांच्या बाबतीत तिची नजर कमी पडली. अन्वर पाशा हे तेव्हाच्या हिंदी मुसलमानांचे लाडके नाव होते. कत्तलीच्या बातम्या लंडनच्या वर्तमानपत्रांतून येत, आणि इंग्रज खलिफाला बदनाम करण्यासाठी काहीही छापतील हा संशय निराधारही नव्हता. मार्च 1920 मध्ये मौलाना मुहम्मद अली यांचे शिष्टमंडळ पंतप्रधान लॉईड जॉर्ज यांना भेटले तेव्हा हा विषय निघाला. शिष्टमंडळाने पीडितांबद्दल सहानुभूती नोंदवली आणि निष्पक्ष चौकशी मागितली. मुहम्मद अलींच्या बाजूने एवढे म्हणता येते. पण त्याच सुमारास इस्तंबूलमध्ये मुसलमान न्यायाधीशांसमोर मुसलमान साक्षीदारांच्या जबान्या होऊन निकाल लागत होते, त्यांची दखल आपल्या सभांतून घेतली गेली नाही. दूरच्या सत्ताधीशाची अब्रू ही आपली अब्रू वाटली. तिथल्या अल्पसंख्याकांशी आपले काही नाते आहे, हे इथल्या अल्पसंख्याकांना सुचले नाही. मला खिलाफतीच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी उणीव वाटते.

अंजारची माती

1919 साली पोर्ट सैदची माणसे गावी परतली. आता तिथे फ्रेंचांचा अंमल होता. घरे पडलेली, तुतीची झाडे तोडलेली. त्यांनी पुन्हा घरे बांधली, पुन्हा किडे पाळले. हमाकडे गेलेल्यांपैकी जे जगले तेही येऊन मिळाले. वीस वर्षे गेली. मग युरोपात दुसऱ्या युद्धाचे ढग जमले आणि फ्रान्सला तुर्कस्तान आपल्या बाजूला किंवा निदान तटस्थ हवे झाले. 1939 च्या जूनमध्ये करार होऊन तो सगळा जिल्हा तुर्कस्तानला देऊन टाकण्यात आला. ज्या फ्रेंचांनी जहाजे पाठवून वाचवले होते, त्यांनीच जमीन दिली. ख्रिस्ती राष्ट्रे ख्रिस्ती लोकांच्या कैवाराने वागतात, असे मानणाऱ्यांनी हा करार वाचावा.

जुलैमध्ये सहापैकी पाच गावे जवळजवळ पूर्ण उठली. हजारो माणसे सीरियाच्या रास अल-बसित किनाऱ्यावर उघड्यावर काही आठवडे पडून राहिली. तिथून जहाजाने त्रिपोली, तिथून आगगाडीने रयाक, आणि तिथून लेबनॉनच्या बेका खोऱ्यातले अंजार. फ्रेंचांनी एका जुन्या जमीनदाराकडून तिथली पडीक जमीन घेतली होती. दलदल, काटेरी झुडपे आणि डास. पहिला हिवाळा तंबूंत गेला. हिवतापाने आणि थंडीने शेकडो माणसे दगावली, त्यात मुले आणि म्हातारे अधिक.

घरे कशी बांधली ते पाहण्यासारखे आहे. प्रत्येक कुटुंबाला एक खोली आणि भोवती थोडी जमीन मिळाली. वस्तीची आखणी सहा मोहल्ल्यांत झाली आणि मोहल्ल्यांना सहा गावांची नावे दिली गेली. जो हाजी हबिबलीचा, तो हाजी हबिबली मोहल्ल्यात. शेजारी जुनाच राहिला, बोली जुनीच राहिली, लग्ने जुळवण्याची रीतही तीच राहिली. आर्मेनियन चर्चमध्ये तीन पंथ, अपोस्टोलिक, कॅथलिक आणि इव्हँजेलिकल. तिघांनी आपापली शाळा काढली. दलदलीचे पाणी कालव्यांतून काढले, सफरचंदाच्या बागा लावल्या. वेर्फेलच्या कादंबरीचे जगभर कौतुक झाले, पण मला विचाराल तर डोंगरावरच्या लढाईपेक्षा हे काम अधिक कठीण होते. लढाई दीड महिन्यात संपली. दलदल उपसायला एक पिढी गेली.

बैरुतमध्ये हेच वेगळ्या तऱ्हेने झाले. किलिकियातून आलेले निर्वासित आधी बंदराजवळच्या झोपड्यांत राहत. मग त्यांनी नदीपलीकडच्या बुर्ज हम्मूदमध्ये वस्त्या वसवल्या. नोर मराश, नोर अदाना, नोर सिस. ‘नोर’ म्हणजे नवे. 1992-93 च्या दंगलीनंतर मुंबईतून उठून मुंब्र्यात गेलेली कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही नकाशाची भाषा समजावून सांगावी लागणार नाही. पुनर्वसन कोणी कागदावर करून देत नाही. माणसे आपल्या ओळखीच्या माणसाशेजारी जागा धरतात आणि तिथून वस्ती वाढते.

बाहेरची मदत होती, आणि मोठी होती. अमेरिकेतील निअर ईस्ट रिलीफ या संस्थेने 1,32,000 अनाथ मुले सांभाळली. लेबनॉनच्या गझीरमधील अनाथालयात मुलींनी एक गालिचा विणला, त्यात 44 लाखांहून अधिक गाठी होत्या. 1925 साली तो राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट दिला गेला. पण मदतीपेक्षाही निर्णायक ठरले ते नागरिकत्व. लोझान तहानंतर 1924-25 मध्ये लेबनॉन आणि सीरियातील आर्मेनियन निर्वासित तिथले नागरिक झाले. त्यांना मत मिळाले, जमीन नावावर करता आली. डोंगरावरचा तो मोव्सेस देर कालुस्दियान पुढे लेबनॉनच्या संसदेत आमदार होता. लेबनॉनच्या सुन्नी, शिया, द्रूझ समाजांत या नव्या ख्रिस्ती मतदारांबद्दल कुरबूर झाली नाही असे नाही, धर्मवार जागा वाटणाऱ्या देशात ती होणारच. तरी नागरिकत्व काढून घेतले गेले नाही. 1948 नंतर त्याच देशात आलेल्या पॅलेस्टिनी निर्वासितांना, त्यातही मुसलमानांना, ते मिळाले नाही. त्यांच्या छावण्या आजही छावण्याच आहेत. बुर्ज हम्मूद आणि बुर्ज अल-बराजने या दोन्ही वस्त्या एकाच शहरात आहेत. दोघांच्या कष्टांत फरक नव्हता, कागदात होता.

अंजारच्या माणसांची पायपीट मात्र संपली नव्हती. 1946-47 मध्ये स्टालिनच्या सोव्हिएत सरकारने जगभरच्या आर्मेनियनांना मायदेशी या म्हणून बोलावले. अंजारमधूनही शेकडो कुटुंबे गेली. मायदेश तो, पण त्यांनी कधी न पाहिलेला. तिथे भाकरीची रांग होती आणि संशय होता. जून 1949 मध्ये सोव्हिएत आर्मेनियातील हजारो लोकांना, त्यात बाहेरून आलेली अनेक कुटुंबे, मालगाड्यांत घालून सैबेरियाच्या अल्ताई भागात धाडले गेले. या वेळी धर्माचा संबंध नव्हता.

मागे राहिलेल्यांनी लेबनॉनचे यादवी युद्ध काढले. 1975 पासून पंधरा वर्षे ख्रिस्ती आणि मुस्लिम सेना एकमेकांवर तुटून पडल्या तेव्हा आर्मेनियन पक्षांनी कोणत्याच बाजूने बंदूक उचलायची नाही असे ठरवले. ख्रिस्ती सेनांनी त्यांना त्याबद्दल धर्मद्रोही ठरवले, बुर्ज हम्मूदवर हल्लेही केले. अंजारच्या आजूबाजूची गावे सुन्नी आहेत, आणि खुद्द अंजारमध्ये सीरियन लष्करी गुप्तचरांनी ठाण मांडले होते ते 2005 पर्यंत. अशा ठिकाणी गाव टिकले.

अंजारला पर्यटक येतात ते आर्मेनियनांसाठी नव्हे. गावाला लागून उमय्या खलिफा वलीद बिन अब्दुल मलिक यांच्या काळात, आठव्या शतकाच्या आरंभी वसवलेल्या शहराचे अवशेष आहेत. महाल, मशीद, हमाम, काटकोनात छेदणारे रस्ते आणि शेकडो दुकानांचे गाळे. ते शहर काही दशकांतच ओस पडले. निर्वासित आले तेव्हा ते झाडाझुडपांत दडलेले होते, उत्खनन 1940 च्या दशकाअखेर सुरू झाले. 1984 पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे. खलिफाच्या नगरीचे शेजारपाजार आज या सहा मोहल्ल्यांचे लोक आहेत.

2011 नंतर सीरियात युद्ध पेटले आणि हलब, केसाबचे आर्मेनियन पुन्हा लेबनॉनच्या वाटेला लागले. काहींना अंजारने घरात घेतले. सप्टेंबर 2014 मध्ये देर अझ-झोरमधील आर्मेनियन शहीद स्मारक चर्च स्फोटकांनी उडवले गेले. 1915 च्या मृतांच्या अस्थी तिथे जतन केलेल्या होत्या. शहराचा तो भाग तेव्हा स्वतःला खिलाफत म्हणवणाऱ्या ‘दाएश’च्या ताब्यात होता. शंभर वर्षांपूर्वी ज्यांना वाळवंटात मारले, त्यांच्या हाडांनाही त्या खिलाफतीने जागा ठेवली नाही. हलबचे जलाल बे आणि मक्केचे शरीफ ज्या दीनचे नाव घेत होते, त्याच दीनचे नाव हे लोकही घेत होते.

त्याच वर्षी मार्चमध्ये तुर्की सीमेकडून आलेल्या सशस्त्र गटांनी केसाब घेतले. बहुतेक लोक लताकियाला पळाले. चालता न येणारे काही वृद्ध मागे राहिले. त्यांना सीमेपलीकडे नेऊन तुर्कस्तानातील एका गावात ठेवण्यात आले. ते गाव वक्फली.

सहापैकी हे एकच गाव 1939 मध्ये बहुतांशी जागेवर राहिले होते. तुर्कस्तानातील शेवटचे आर्मेनियन खेडे म्हणून ते ओळखले जाते. शे-सव्वाशे वस्ती, संत्र्यांच्या बागा, बायकांनी चालवलेला मुरंब्यांचा आणि सरबतांचा धंदा. केसाबच्या वृद्धांना तिथे आपल्याच बोलीशी जुळणारी बोली कानावर पडली. 6 फेब्रुवारी 2023 च्या भूकंपात हताय प्रांत उद्ध्वस्त झाला. वक्फलीत जीवितहानी झाली नाही, पण चर्चला आणि बऱ्याच घरांना तडे गेले आणि गाव पुन्हा तंबूंत राहायला आले.

ऑगस्टमध्ये वक्फलीला आणि सप्टेंबरमध्ये अंजारला मोठ्या देगांमध्ये हरीसा शिजतो. गहू आणि मांस रात्रभर मंद आचेवर ठेवायचे, आळीपाळीने घोटायचे, शेजारी ढोल आणि झुरना वाजत असते, लोक फेर धरून नाचतात. सकाळी पाद्री देगांवर आशीर्वाद देतात आणि तो सगळ्यांना वाटला जातो. अंजारमध्ये हा हरीसा डोंगरावरच्या दिवसांच्या आठवणीचा असतो. आपल्या मराठवाड्यात, जुन्या निजामी मुलुखात, रमजानमध्ये मिळणारा हलीम याच पदार्थाचा भाऊ आहे. निजामाच्या पदरी आलेल्या अरब शिपायांनी तो हैदराबादला आणला, आणि हैदराबादच्या बारकस भागात आजही तो ‘हरीस’ याच नावाने विकला जातो. आपल्याकडे मोहरममध्ये खिचडा घोटला जातो, तोही रात्रभर, तोही आळीपाळीने, आणि तोही कोंडीत अडकून उपाशी-तहानलेल्या राहिलेल्या एका काफिल्याच्या आठवणीत.

वक्फलीहून हिदिरबे अगदी जवळ आहे. चिनाराखाली आता चहाची टेबले असतात.